अ‍ॅपचा करार पाच वर्षांचा, टूलचा सपोर्ट दीड वर्षाचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पतसंस्था, दूध संघ, बाजार समित्या, शाळा आणि नगरपालिका यांच्यासाठी मोबाइल अ‍ॅप तयार करणारे छोटे सॉफ्टवेअर व्यावसायिक पुण्यापासून लातूरपर्यंत जवळजवळ प्रत्येक शहरात आहेत आणि मीही त्यांतलाच एक आहे. ही अ‍ॅप ज्या टूलवर बांधली जातात, ती टूल काढणाऱ्या कंपन्या त्यांना किती काळ सांभाळणार, याची धाकधूक गेल्या काही वर्षांत आमच्या व्यवसायात वाढत चालली आहे. तिची चर्चा आमच्यातल्या आमच्यात होते, पण ज्यांना शेवटी बिल भरावे लागते त्या संस्थांच्या संचालक मंडळांपर्यंत ती पोचत नाही. आणि पोचते तेव्हा अ‍ॅप गुंडाळण्याची वेळ आलेली असते. आपल्या वृत्तपत्राचे वाचक अशा संस्थांचे सभासद, संचालक आणि व्यवस्थापकही आहेत, म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी छापावे, अशी विनंती आहे.

विषय तांत्रिक दिसत असला तरी मुळात व्यवहाराचा आहे. अँड्रॉइडसाठी अ‍ॅप लिहायचे तर कोटलिन किंवा जावा आणि आयफोनसाठी स्विफ्ट या प्रोग्रामिंगच्या भाषा लागतात, म्हणजे एकच काम दोनदा आणि बहुधा दोन वेगळ्या माणसांकडून करून घ्यावे लागते. तालुक्याच्या पतसंस्थेला हा दुहेरी खर्च झेपत नाही आणि पाच-सात माणसांच्या कंपनीला दोन टीम पोसणे जमत नाही. यावर तोडगा म्हणून क्रॉस-प्लॅटफॉर्म टूल आली: कोड एकदा लिहायचा आणि तोच दोन्हीकडे चालवायचा. गुगलचे फ्लटर, मेटाचे रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, मायक्रोसॉफ्टचे झामारिन आणि त्याच्या जागी आलेले डॉट नेट माउई ही त्यांतली ठळक नावे. यांतली बहुतेक टूल फुकट मिळतात, आणि वस्तू फुकट मिळते म्हटल्यावर तिच्या मुदतीची चौकशी निविदेत कोणी करत नाही.

ट्रॅक्टरचे एखादे मॉडेल कंपनीने बंद केले म्हणून गावातला ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी उभा राहत नाही. जुन्या बाजारातून सुटे भाग आणून आणि ओळखीच्या मिस्त्रीला धरून तो आणखी दहा वर्षे चालवता येतो. अ‍ॅपच्या बाबतीत ही सोय नाही, कारण अ‍ॅप ज्या दुकानातून लोकांपर्यंत पोचते त्या दुकानाचे नियम दरवर्षी बदलतात. गुगल प्लेने ३१ ऑगस्ट २०२४ पासून नवीन अ‍ॅप आणि जुन्या अ‍ॅपची अपडेट अँड्रॉइड १४ डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असली पाहिजेत असे ठरवले. वर्षभराने, ३१ ऑगस्ट २०२५ पासून, हीच अट अँड्रॉइड १५ वर गेली. अ‍ॅपलने २४ एप्रिल २०२५ पासून एक्सकोड १६ हे स्वतःचे अ‍ॅप बांधण्याचे सॉफ्टवेअर वापरून तयार केलेली अ‍ॅपच स्वीकारायला सुरुवात केली. अ‍ॅपमधल्या कोडचे एक अक्षर बदलले नाही, वापरणाऱ्याची काही तक्रार नाही, तरीही ते अ‍ॅप दर वर्षी नव्याने नियमात बसवावे लागते, आणि ते बसवण्याचे सामान टूलकडून यावे लागते.

टूलवरचे हे अवलंबन किती खोलवर गेलेले असते, हे गुगलच्या आणखी एका नियमावरून लक्षात येईल. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये मेमरीचे पान, म्हणजे मेमरी वाटून देण्याचा एक तुकडा, ४ केबीऐवजी १६ केबीचे असू शकते, म्हणून अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी बनवलेली नवी अ‍ॅप आणि अपडेट या मोठ्या पानावर चालली पाहिजेत, अशी अट १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. निव्वळ कोटलिन किंवा जावात लिहिलेल्या अ‍ॅपला याचा फारसा त्रास नव्हता. क्रॉस-प्लॅटफॉर्म अ‍ॅपच्या पोटात मात्र टूलने स्वतःचे, थेट प्रोसेसरसाठी तयार केलेले कोडचे गठ्ठे भरलेले असतात आणि ते नव्या मापात पुन्हा बांधून देणे टूलवाल्याच्या हातात असते. त्याने ते दिले तर आमचे काम दुपारभराचे. त्याने दुकान बंद केलेले असेल तर आमच्या कौशल्याला तिथे काही वाव उरत नाही.

याचा परिणाम प्रत्यक्षात कसा होतो, ते कोणाचेही नाव न घेता सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातील एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून फिरतात, रक्कम घेतात, फोनमधल्या अ‍ॅपमध्ये नोंद करतात आणि कमरेला लावलेल्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरमधून जागेवर पावती काढून देतात. त्या पावतीवरच ठेवीदाराचा विश्वास असतो. पावती निघाली नाही तर हातगाडीवाला दुसऱ्या दिवशी पैसे देताना विचार करतो. हे अ‍ॅप अशाच एका टूलवर बांधलेले होते आणि प्रिंटरशी बोलणारा भाग एका त्रयस्थ डेव्हलपरच्या प्लगइनवर, म्हणजे टूलला जोडायच्या छोट्या तयार कोडवर, चालत होता. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी वेगळी परवानगी मागावी लागते. अ‍ॅप नव्या अँड्रॉइडच्या नियमात बसवायचे तर ही परवानगी प्लगइनने मागायला हवी होती, आणि प्लगइन लिहिणाऱ्याने ते सोडून दिलेले होते. टूलच्या नव्या आवृत्तीवर जावे तर तिथे ते प्लगइनच नव्हते. जुन्या आवृत्तीवर थांबावे तर स्टोअरमध्ये अपडेट चढत नव्हते.

मग जे व्हायचे तेच झाले. जुन्या एजंटांच्या जुन्या फोनवर अ‍ॅप चालत राहिले, पण नव्याने लागलेल्या एजंटाने नवा फोन घेतला तेव्हा त्याला ते स्टोअरमध्ये सापडेनाच, कारण ठरावीक मर्यादेपेक्षा जुन्या अँड्रॉइडसाठी बनवलेली अ‍ॅप नव्या फोनवरील नव्या वापरकर्त्यांना दाखवली जात नाहीत. शेवटी अ‍ॅपची एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवण्यात आली. संस्थेच्या काउंटरमागे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल कधीही उघडू नका, असा सायबर फसवणुकीचा इशारा चिकटवलेला होता आणि त्याच काउंटरवर बसलेला कर्मचारी एजंटला फोनमधली सुरक्षेची सूचना बाजूला सारून ती फाइल कशी बसवायची ते समजावून सांगत होता. अ‍ॅप नव्याने बांधण्याचे अंदाजपत्रक व्यवस्थापकांपुढे ठेवल्यावर त्यांनी विचारले, "साहेब, अ‍ॅप तर चालतंय. मग परत पैसे कशाचे?" त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारले असते. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, कागदावर "किरकोळ बदल व दुरुस्ती" एवढेच शब्द होते, आणि टूल बंद पडणे हा किरकोळ बदल की दुरुस्ती, याचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता.

आता मोठ्या कंपन्यांच्या सार्वजनिक नोंदींकडे वळतो. झामारिनची कथा आमच्या व्यवसायात सर्वांना पाठ आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रोग्रामिंग व्यवस्थेची मुक्त आवृत्ती असलेल्या मोनो या प्रकल्पावर काम करणाऱ्यांना २०११ मध्ये नोव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीच्या विक्रीनंतर कामावरून कमी करण्यात आले, तेव्हा मिगेल दे इकाझा आणि नॅट फ्रीडमन यांनी झामारिन ही कंपनी उभी केली. २०१६ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने ती विकत घेण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी मार्चअखेरीस टूल व्हिज्युअल स्टुडिओ या आपल्या कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरबरोबर फुकट देऊन टाकले. सी शार्प ही झामारिनची भाषा जाणणाऱ्या डेव्हलपरांची पुण्यात वाण नव्हती, त्यामुळे बँकिंग आणि कारखान्यांची कामे करणाऱ्यांना हा राजमार्ग वाटला. २०२० मध्ये माउई या उत्तराधिकाऱ्याची घोषणा झाली. ते डॉट नेट ६ सोबत नोव्हेंबर २०२१ मध्ये यायचे होते, लांबले आणि २३ मे २०२२ रोजी आले. झामारिनचा सपोर्ट १ मे २०२४ रोजी संपला.

वरवर पाहता यात तक्रारीला जागा दिसत नाही, कारण नवे टूल दिले, दोन वर्षांचा अवधी दिला आणि स्थलांतरासाठी मदतनीस प्रोग्रामही दिला. प्रत्यक्षात अडचण अशी की, झामारिनमधून माउईत जाणे हे पुष्कळशा अ‍ॅपच्या बाबतीत अर्धे घर पाडून बांधण्याइतके काम निघाले. पडद्यावरचे घटक स्वतःच्या गरजेप्रमाणे घडवण्याची पद्धतच बदलली, त्रयस्थांच्या लायब्रऱ्यांपैकी (तयार कोडच्या संचांपैकी) काही आल्या आणि काही आल्याच नाहीत, आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांमधले दोष निस्तरण्यात लोकांचे महिने गेले. शिवाय माउईचे सपोर्टचे वेळापत्रक डॉट नेटपेक्षा वेगळे आहे, ही गोष्ट करार करताना बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. डॉट नेट ६ ही दीर्घ सपोर्टची आवृत्ती नोव्हेंबर २०२४ पर्यंत सांभाळली गेली, पण त्यावरचे माउई ६ हे ८ मे २०२३ रोजी, म्हणजे बाहेर आल्यापासून वर्ष पुरे व्हायच्या आतच, सपोर्टबाहेर गेले. डॉट नेट ८ ला नोव्हेंबर २०२६ पर्यंत सपोर्ट आहे. माउई ८ चा मात्र १४ मे २०२५ रोजी, अठरा महिन्यांत, संपला. निविदेत "डॉट नेट, दीर्घ सपोर्टची आवृत्ती" असे लिहून निर्धास्त झालेल्या अधिकाऱ्याला हा बारकावा कोण सांगणार? विक्री करायला आलेला प्रतिनिधी तर सांगणार नाही.

मायक्रोसॉफ्टनेच व्हिज्युअल स्टुडिओची मॅकवरील आवृत्ती ३१ ऑगस्ट २०२४ ला थांबवली आणि अ‍ॅप सेंटर या सेवेच्या बहुतांश सुविधा ३१ मार्च २०२५ ला बंद केल्या. अ‍ॅप सेंटरमध्ये कोडपुश होते. रिअ‍ॅक्ट नेटिव्हवर अ‍ॅप बांधणारे कितीतरी लोक छोटी दुरुस्ती स्टोअरच्या तपासणीची वाट न पाहता थेट फोनपर्यंत पोचवण्यासाठी ते वापरत होते. म्हणजे टूल मेटाचे, त्याची एक महत्त्वाची सोय मायक्रोसॉफ्टची, आणि दुसऱ्याने हात काढल्यावर पहिल्याच्या वापरकर्त्यांची धावपळ. या सगळ्याची सूचना तरी पुरेशी आधी मिळाली. अडोबीने फोनगॅप या आपल्या क्रॉस-प्लॅटफॉर्म टूलबाबत ११ ऑगस्ट २०२० रोजी घोषणा केली आणि फोनगॅप बिल्ड ही सेवा १ ऑक्टोबरला बंद केली. दोन महिन्यांहूनही कमी. सरकारी खात्यात एवढ्या वेळात फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही.

फ्लटरचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिथे बंद काहीच झालेले नाही आणि तरीही भीती आहे. एप्रिल २०२४ च्या शेवटी, गुगलच्या वार्षिक परिषदेला जेमतेम पंधरवडा उरला असताना, फ्लटर आणि त्याची भाषा डार्ट यांच्या गटांतील काही जणांना कमी केल्याच्या बातम्या आल्या. गुगलने आपली बांधिलकी कायम असल्याचे सांगितले, आणि त्यानंतर फ्लटरच्या नव्या आवृत्त्या नेमाने येत आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण गुगल रीडर ही वाचनसेवा २०१३ मध्ये आणि स्टेडिया ही गेमसेवा २०२३ मध्ये बंद केलेल्या कंपनीच्या शब्दावर पाच वर्षांची निविदा भरताना हात आखडतो, त्याला डेव्हलपर काय करणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लटरच्या गटात पूर्वी काम केलेल्या एका अभियंत्याने, वापरणारे वाढले त्या मानाने सांभाळणारी माणसे फार थोडी आहेत, अशी तक्रार करून फ्लॉक नावाची समांतर शाखाच काढली. त्या शाखेचे पुढे काय होते, यापेक्षा आतून पाहिलेल्या माणसाला तिची गरज वाटली, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते.

यावर लगेच उत्तर येते की, ही टूल ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा कोड सर्वांना खुला आहे. कंपनीने सोडली तर लोक सांभाळतील. हे अर्धे खरे आहे. फोनगॅपच्या गाभ्यातून निघालेले कॉर्डोव्हा हे अपाचे फाउंडेशनकडे होते, म्हणून अडोबी गेल्यावरही ते टिकले. अ‍ॅक्सवेने २०२२ मध्ये टायटॅनियम या अशाच टूलचा सपोर्ट थांबवल्यावर ते स्वयंसेवकांनी हाती घेतले. प्रोग्रेस कंपनीने नेटिव्हस्क्रिप्ट हे टूल दुसऱ्यांकडे सोपवले, तेही जिवंत आहे. पण लायसन्स मोकळे असणे वेगळे आणि दर वर्षी अँड्रॉइड-आयफोनच्या नव्या आवृत्तीमागे धावायला पगारी माणसे असणे वेगळे. पिग्मीच्या प्रिंटरचे ते प्लगइनही ओपन सोर्सच होते. त्याचा कोड आजही कोणालाही उतरवून घेता येतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केल्यापासून पुष्कळ निविदांत ओपन सोर्सची चौकट आली, आणि ते स्वागतार्हच आहे. मात्र त्या चौकटीत बरोबरची खूण केली की सपोर्टचा प्रश्न सुटला, असा समज तिच्याबरोबर पसरला.

कंपन्यांची बाजूही मांडली पाहिजे. त्यांनी हे टूल फुकट दिले, आम्ही त्यावर व्यवसाय केला, आणि कोणीही कायम सांभाळण्याचा करार केला नव्हता. प्रत्येक जुनी आवृत्ती अनंत काळ चालू ठेवायची तर नवे काही करायला माणसे उरणार नाहीत. फ्लटर, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि माउई या तिन्ही गटांतील अभियंते तक्रारींना उत्तरे देताना, रात्री उशिरा दोष दुरुस्त करताना उघड दिसतात. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. तक्रार निर्णय घेणाऱ्यांच्या मौनाबद्दल आहे. टूलवर किती माणसे काम करतात, पुढच्या तीन वर्षांचा खर्च मंजूर आहे का, बंद करायचे ठरल्यास किमान किती आधी कळवणार, यांतले काहीच सहसा सांगितले जात नाही. मग डेव्हलपरांना कपातीच्या बातम्या, परिषदेतील भाषणात टूलचा उल्लेख किती मिनिटे झाला आणि कोणता अभियंता कुठे गेला, यावरून अंदाज बांधावे लागतात. ही कुंडली मांडण्याची कला आम्हाला नको आहे.

एक कसोटी मात्र मी स्वतः वापरतो आणि ती बऱ्यापैकी उपयोगी पडते: टूल बनवणारी कंपनी स्वतःच्या महत्त्वाच्या अ‍ॅपसाठी ते वापरते का? रिअ‍ॅक्ट नेटिव्ह फेसबुकच्या अ‍ॅपमध्येच वापरले जाते, त्यामुळे ते मोडले तर आधी मेटाचे मोडते. आपल्याकडे घरोघर पोचलेले गुगल पे फ्लटरमध्ये नव्याने लिहिले गेले आहे, हा फ्लटरच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मला वाटतो. याउलट मायक्रोसॉफ्ट रिअ‍ॅक्ट नेटिव्हची विंडोजवरील आवृत्ती स्वतः सांभाळते, या गोष्टीचा माउई वापरणाऱ्यांनी काय अर्थ घ्यावा, हे त्यांनीच ठरवावे.

सरळ कोटलिन आणि स्विफ्टमध्ये लिहा, कटकटच नको, असा सल्लाही दिला जातो. ज्यांना परवडते त्यांनी तो जरूर मानावा. जावाची जागा कोटलिनने आणि ऑब्जेक्टिव्ह-सीची जागा स्विफ्टने घेतली तरी जुन्या भाषांत लिहिलेले अ‍ॅप चालायचे थांबले नाही, हा या मार्गाचा मोठा गुण आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये स्थिर झालेले कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म हा मधला मार्गही विचारात घेण्यासारखा आहे, कारण त्यात हिशेबाचा, नोंदींचा भाग सामायिक ठेवून पडदे हवे तर वेगळे लिहिता येतात आणि उद्या टूल डगमगले तरी निम्मे अ‍ॅप शाबूत राहते. पण अडीचशे-तीनशे सभासदांच्या संस्थेला दोन अ‍ॅपचा खर्च सांगणे म्हणजे तिला अ‍ॅपच करू नका असे सांगणे होय.

टूलवाल्यांनी लेखी हमी देणे अशक्य आहे, असेही नाही. नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीने क्यूटी या क्रॉस-प्लॅटफॉर्म टूलबाबत केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या लोकांबरोबर १९९८ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन केले. क्यूटीची मुक्त आवृत्ती बारा महिन्यांत आली नाही, तर प्रतिष्ठानाला ते सगळे टूल अगदी सैल लायसन्सखाली खुले करता येईल, अशी त्याच्या कराराची तरतूद आहे. त्यानंतर क्यूटी २००८ मध्ये नोकियाकडे गेले, तिथून डिजियाकडे आणि मग स्वतंत्र क्यूटी कंपनीकडे. मालक बदलत गेले आणि करार टिकला. २०२० मध्ये कंपनीने दीर्घ सपोर्टच्या आवृत्त्या फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवल्या तेव्हा बरीच खळखळ झाली, म्हणजे करारानेही सगळे मिळत नाही. तरीही टूल रातोरात नाहीसे होणार नाही, एवढे त्याच्या वापरकर्त्याला माहीत असते. गुगल, मेटा किंवा मायक्रोसॉफ्टला असा करार करणे जड नाही. त्यांना तो मागणारा कोणी भेटला नाही.

कॅलिफोर्नियात किंवा वॉशिंग्टन राज्यात बसलेल्या कंपनीला भाग पाडणे आपल्या हातात नाही. इथला करार कसा लिहायचा, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. अ‍ॅपच्या प्रत्येक करारात टूलचे नाव, आवृत्ती आणि त्या आवृत्तीच्या सपोर्टची शेवटची तारीख लिहिलेली असावी. ही तारीख कंपन्यांच्या संकेतस्थळांवर बहुधा असते, फक्त ती कागदावर उतरवण्याची सवय नाही. देखभालीच्या रकमेत दोष-दुरुस्ती आणि स्टोअरच्या नियमांप्रमाणे दर वर्षीचा आवृत्ती-बदल या दोन वेगळ्या ओळी असाव्यात, म्हणजे दुसरी ओळ पाहूनच संचालक मंडळाला कळेल की अ‍ॅप ही एकदा घेऊन ठेवायची वस्तू नाही. टूल बंद झाल्यास नव्याने बांधण्याचा खर्च कोणी किती उचलायचा, याचे प्रमाण आधीच ठरवावे. ते निम्मे-निम्मे असावे की अन्य काही, हा घासाघिशीचा भाग आहे. त्रयस्थांच्या प्लगइनची यादी जोडावी आणि प्रिंटर, बायोमेट्रिक, पेमेंट यांच्याशी जोडणारी प्लगइन कोण सांभाळते, हे त्यात लिहावे. आणि कोड, तो बांधण्याच्या सूचना व अ‍ॅपवर सही करण्याची डिजिटल किल्ली (की) संस्थेच्या ताब्यात असावी, स्टोअरमधले खातेही संस्थेच्याच नावाचे असावे. सहीची की डेव्हलपरच्या जुन्या लॅपटॉपबरोबर गेली म्हणून अ‍ॅपचे अपडेट कायमचे अडकल्याची उदाहरणे आमच्या व्यवसायात नवी नाहीत, आणि त्यात कोणत्याही परदेशी कंपनीचा दोष नसतो.

आमच्या व्यवसायातील काहींना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे. सपोर्टची तारीख कागदावर आली की ग्राहक घाबरेल, दुसरा व्यावसायिक ती न लिहिता कमी भावात काम घेऊन जाईल, ही भीती खोटी नाही. सर्वांत कमी बोलीला काम देण्याच्या पद्धतीत तसे घडतेच. म्हणून हे एकट्या-दुकट्याने करण्यासारखे नाही. सहकारी संस्थांच्या बाबतीत सहकार आयुक्त कार्यालयाने सॉफ्टवेअर व अ‍ॅप खरेदीसाठी या अटींचे परिपत्रक काढावे, आणि नगरपालिकांच्या निविदांच्या नमुन्यात नगरविकास विभागाने त्या घालाव्यात. पुण्यातील मराठा चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या संस्थेने मराठीतून एक नमुना करार तयार केला तर लहान व्यावसायिक आणि लहान ग्राहक दोघांनाही वकिलाचा खर्च न करता तो वापरता येईल. मसुद्यातील तांत्रिक कलमे लिहून देण्यास माझ्यासह या क्षेत्रातील अनेकजण विनामोबदला तयार होतील. बहुतेक संस्थांच्या एएमसीचे नूतनीकरण नव्या आर्थिक वर्षाबरोबर, एप्रिलमध्ये होते. मसुदा त्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत हाती आला तर तो संचालक मंडळांच्या सभांपुढे ठेवता येईल.

आपला नम्र,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक,
पुणे